बिनलेबलाची बाटली

"सोळा दिवस झाले," म्हातारा म्हणाला. "मला अजून काही झालेलं नाही."

औषध घेतले पण गुण आला नाही, असे सांगावे तसा त्याचा आवाज होता.

खोली चष्म्याच्या दुकानावर होती. चौकशीची कामे घेणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचा दीर अशिलांसमोरही त्यांना तशीच हाक मारायचा. दिराला सगळे भाऊजी म्हणत, कारण वहिनी म्हणायच्या. भाऊजी गाडी चालवायचे, नोंदी लिहायचे आणि शेवटी विचारायचे, म्हणजे नक्की काय झाले.

"मुलगा?" वहिनींनी विचारले.

"मुलगा. रसायनांच्या कारखान्यात. ज्या हंड्यावर मी एकतीस वर्षं होतो, त्याच हंड्यावर ऑपरेटर. मी फोरमन होतो तिथं. त्याला मीच शिकवला."

"काय झालं?"

"बारा वाजून दहा मिनिटांनी झाकण उघडलं. आत वाकला. आतली वाफ लागली, पडला, तिथंच गेला. झाकण एकला उघडायचं असतं. पन्नास मिनिटं आधी उघडलं. घाई केली, असं कंपनी म्हणते. परवा अहवालावर सह्या होतील, मग ते कायमचं तसंच राहील."

"आणि तुमचं म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही. एकच विचारायचंय. मी शिकवलं ते त्यानं मोडलं का? हो की नाही, एवढंच सांगा. बाकी कुणाला धरा नाहीतर सोडा."

"नाही असं निघालं तर?"

म्हाताऱ्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, पाहिला, जिथे होता तिथेच ठेवला.

"ते बघू," तो म्हणाला.

•

बाटली. सकाळी दहा. दाणे मोहरीएवढे. मऊ. आरपार दिसतं.

हंडा दोन मजल्यांएवढा उंच होता. जाळीच्या जिन्याने वर गेले की त्याचे झाकण माणसाच्या कमरेला लागे. आठवड्यापासून तो पुन्हा चालू होता.

फिटर पुढे, वहिनी मागे, त्यांच्या मागे धापा टाकत भाऊजी.

"लोणी काढतात ना, तसंच समजा," फिटर म्हणाला. "फक्त उलटं. तिथं गोळा यावा म्हणून घुसळायचं, इथं येऊ नये म्हणून. वरून डिंक सोडायचा…"

"डिंक?" भाऊजी.

"प्लास्टिकच हो. सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं, मधासारखं जाड. आम्ही डिंक म्हणतो. खाली कढत पाणी, त्यात साबणाची पावडर. मध्ये ही रवी फिरते. डिंकाची धार तुटते, थेंब होतात. गरमीनं थेंबातला सॉल्व्हंट वाफ होऊन त्या नळीतून निघून जातो. मागं राहतो तो दाणा. पांढरा, टणक."

"आणि रवी थांबली तर?"

"गोळा. म्हशीएवढा. छिन्नीनं फोडायचा."

"माझ्या डोक्यात रोज होतो," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी विचारले, "दाणा लहानमोठा कशानं होतो?"

"रवीच्या वेगानं. हळू फिरवा, मोहरी. जोरात फिरवा, खसखस. पण डिंक पडत असतो तेवढ्या तासातच काय ते. एकदा दाण्यानं आकार धरला की मग रवी कितीही जोरात फिरवा, मोहरीची खसखस होत नाही."

"सॉल्व्हंट सगळा गेला हे कसं कळतं?"

"त्या वाफेच्या नळीवर थर्मामीटर आहे. सॉल्व्हंट संपला की काटा चढतो." फिटरने मान खाजवली. "म्हणजे चढायचा. दोन महिने बंद आहे. मी तीनदा लिहून दिलंय."

"मग दोन महिने काय करतात?"

"घड्याळ. चार तास झाले की झालं. नियमच आहे तसा."

मग कठड्याला टेकवलेल्या एका काठीकडे त्याने बोट केले.

"आणि ती. कानकाठी."

काठी हातभर लांब होती. एक टोक झिजून गुळगुळीत, डोक्याच्या तेलाने काळे झालेले.

"हे टोक कानाला, दुसरं हंड्याच्या पत्र्याला. दाणे कच्चे असले की पत्र्यावर आपटतात पण आवाज येत नाही. सॉल्व्हंट गेला की टणक होतात. मग वाजतात, वाळू ओतल्यासारखे. रोजचा डिंक काही सारखा नसतो. कधी तीन तासांत वाजतो, कधी चार. ही सगळी फोरमनकाकांची विद्या. ज्याला हंडा शिकवला त्याला पास झाल्यावर एकेक काठी. मुलाला स्वतःची दिली, ही. पाच जणांकडं आहेत अजून. काका म्हणायचे, घड्याळ काही हंड्याच्या आत बघत नाही."

"इन्चार्जना माहीत आहे?"

"साहेबांना? त्यांच्यासमोर कोण काठी काढतंय! ते म्हणतील, कारखाना आहे की भगताचं घर."

वहिनी झाकणाशेजारच्या एका नरसाळ्याजवळ थांबल्या. "यातून काय जातं?"

"साबणाची पावडर. फक्त तीच. दोन झडपा आहेत, एक बंद करून दुसरी उघडायची, म्हणजे वाफ बाहेर येत नाही."

वहिनींनी वरची झडप उघडायला सांगितली, नरसाळ्याच्या गळ्यातून रुमाल फिरवला, त्याची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

"तुम्ही त्या दिवशी वर आला होतात?"

"दहाला. थर्मामीटर बघायला. आणि तिथं जिन्याजवळ चार ड्रम होते, त्यांना अडखळलो. हा बघा गुडघा. नापास माल होता, गेल्या महिन्याचा. तो माल काढताना साहेबांनी स्वतः रवीचा वेग लावला होता, जास्तच जोरात लागली."

जिन्याजवळ आता फक्त धुळीत चार गोल होते.

"त्याला पहिल्यांदा पाहिलं कुणी?"

"मीच," फिटर म्हणाला. "झाकणावर हात ठेवून झोपल्यासारखा. काठी मात्र नीट टेकवलेली. ती कधी आडवी टाकायची नाही, असं काकांचं होतं."

•

बाटली. अकरा. दाणे मोहरीएवढे. अजून मऊ. दुसरा आकार नाही.

हंड्याची वही अपघाताच्या दिवशीच सील झाली होती. शेवटचे पान मृताच्या अक्षरात होते.

९.०० डिंक सुरू.
१०.०० डिंक बंद. नमुना दिला.
११.०० नमुना दिला. काच ६२.
११.१५ जेवायला. हंडा साहेबांकडे.
११.४५ परत. काच ६९. का?
१२.०० नमुना दिला. वाजतंय.

पुढचे पान कोरे.

"काच म्हणजे?" भाऊजींनी विचारले.

"हंड्याला बाहेरून लावलेली काचेची नळी. आत किती भरलंय ते तिच्यात दिसतं."

वहीबरोबर एक गोल कागद होता. रवीच्या वेगाची रेघ त्यावर पेन आपोआप काढत असे. वेग बदलला तर रेघ आत-बाहेर व्हायला हवी. नऊपासून बारापर्यंत रेघ एकसारखी होती. बांगडी ठेवून काढावी तशी.

भाऊजींनी तिची नक्कल वहीत काढली. ती अंड्यासारखी झाली.

•

बाटली.

लेबल नव्हते. प्रयोगशाळेच्या फळीवर दहाची बाटली होती, अकराची होती, आणि तिच्याशेजारी ही.

"बाराची आहे," केमिस्ट म्हणाली. ती चाळिशीची होती, चष्मा केसांत खोवलेला. "त्यानं स्वतः आणून दिली, फेस बसायच्या आत; तेव्हा आतलं काही दिसत नव्हतं. लेबल होतं तेव्हा. मी इथं ठेवली, डबा खायला गेले. आले तर सगळी धावपळ. नंतर बघते तर लेबल गेलेलं. दमट हवेनं पडलं असेल."

"मग अहवालात ही का नाही?"

"बिनलेबलाचा नमुना म्हणजे नमुनाच नाही. नियम आहे."

"पण फेकली नाहीत."

"मी काहीच फेकत नाही हो. माझा नवरा बघितलात तर पटेल."

भाऊजी हसले. केमिस्टही थोडी हसली, मग बाटलीकडे पाहून थांबली.

वहिनींनी बाटली उजेडात धरली. मोहरीएवढे दाणे एकमेकांना चिकटून घोस झालेले, अजून आरपार दिसणारे. त्यांच्यामध्ये पांढरी, सुटी, टणक खसखस. बाटली हलवली की तेवढीच काचेवर वाजत होती. बाहेरच्या बाजूला चिकटलेला कागदाचा अर्धा पदर शिल्लक होता, कडेला नखाचा ओरखडा.

"दोन आकार कसे आले?"

"मध्येच वेग बदलला असणार. साहेबही तेच म्हणाले."

"त्यांनी ही बाटली बघितली होती?"

"छे. मी दाखवलीच नाही. त्याच दिवशी दुपारी आपणहून म्हणाले, दाणे मिसळ निघाले तर समजा त्यानंच वेगाशी खेळ केला."

केमिस्टने चष्मा केसांतून काढला. बराच वेळ तो डोळ्यांवर घातला नाही.

•

इन्चार्ज. वरची केबिन. फक्त उत्तरं.

बसा ना. चहा सांगू?

नाही, मी त्याच्यावर रागावलेलो नाही. चांगला कामगार होता. घाई नडली.

हंड्याजवळ? सव्वाअकरा ते पावणेबारा होतो. तो जेवायला जातो तेव्हा माझी ड्यूटी असते.

एकटाच, हो.

काही टाकलं नाही. मी कशाला काही टाकू?

पातळी? फेस आला असेल. फेसानं काच फसवते.

ड्रम ना, ते आदल्या दिवशीच गेले. जाळायला.

आदल्या दिवशी. नक्की.

हो, दुपारी दोनला मुख्य कार्यालयाची माणसं येणार होती. पाहणीला. रद्द झालं मग, अर्थातच.

घाई अशी, की त्यानं सुट्टी मागितली होती. मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. हा बघा अर्ज.

दीड वाजता. हो, लिहिलंय खरं दीड वाजता.

आता बारा दहाला घाई का केली ते त्यालाच माहीत.

काठी? कसली काठी?

•

परतताना गाडीत भाऊजींनी विचारले, "म्हणजे नक्की काय झालं?"

"उद्या सांगते. दोनदा सांगायची ताकद नाही."

"आणि काकांना काय सांगणार?"

"हो किंवा नाही."

"मग सोपं आहे."

वहिनी बाहेर बघत होत्या. एका दुकानाचे शटर अर्धे वर येऊन अडकले होते आणि दोघे त्याला खालून खांदा देत होते.

"तुमचे भाऊ गेले तेव्हा मलाही काही झालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी गिअर बदलला. "किती दिवस?"

"झालं की सांगते."

•

सगळ्या बाटल्या एका टेबलावर.

केबिनला हंड्याच्या बाजूला मोठी काच होती. म्हातारा फोरमन काचेला पाठ करून बसला होता. फिटर आणि केमिस्ट दाराशी उभे. इन्चार्ज आपल्या खुर्चीत. सही न झालेला अहवाल त्याच्या पुढ्यात.

वहिनींनी तीन बाटल्या मांडल्या आणि घडीचा रुमाल उलगडला. पांढऱ्या पावडरीत चिकटलेली खसखस होती, चिमूटभर.

"हे साबणाच्या नरसाळ्यातून निघालं. तिथून फक्त साबण जातो."

त्यांनी पहिल्या बाटलीवर बोट ठेवले.

"दहाच्या बाटलीत सगळी मोहरी. अकराच्याही. बाराच्या बाटलीत खसखस आली. रवीचा वेग बदलला म्हणावं, तर कागदावर रेघ एकसारखी आहे. आणि बदलला असता तरी डिंक दहालाच थांबला होता. आकार धरलेली मोहरी बारीक होत नाही, हे फिटरही सांगतील. म्हणजे खसखस हंड्यात तयार झालेली नाही. ती अकरानंतर बाहेरून आली, तयार, कोरडी, टणक."

"कुठून पण?" भाऊजी म्हणाले. खरेच त्यांना कळले नव्हते.

"चार ड्रममधून. साहेब म्हणाले ते आदल्या दिवशी गेले. फिटरचा गुडघा म्हणतो, त्याच दिवशी दहाला ते जिन्याजवळ होते. सव्वाअकरा ते पावणेबारा हंड्याजवळ एकटे साहेब. तेवढ्यात काच बासष्टची एकोणसत्तर झाली. फेस असता तर अकरालाही असता. दोनला पाहणीची माणसं येणार होती आणि साहेबांनी स्वतः बिघडवलेला माल जिन्याजवळ उभा होता. चांगल्या मालात मिसळला की दिसेनासा होतो."

इन्चार्जने अहवालाचे कोपरे जुळवले. ते आधीच जुळलेले होते.

"पुढचं?" केमिस्ट हळूच म्हणाली. "झाकण का उघडलं त्यानं?"

"दीडला सुट्टी होती, एकला काम संपत होतं. घाईचं कारणच नव्हतं. पातळी वाढलेली त्याला दिसली. त्यानं 'का?' असं लिहिलं. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग ज्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता, त्याला त्यानं विचारलं. काठी लावली. आणि लिहिलं, वाजतंय."

फिटरने भिंतीला हात टेकवला.

"वाजत होती ती खसखस," वहिनी म्हणाल्या. "मोहरी कच्ची होती, सॉल्व्हंटनं भरलेली. पण कच्चा दाणा आवाज करत नाही. काठीला ऐकू येतं ते फक्त वाजणारं. जे वाजत नव्हतं ते तिला सांगता येत नाही."

"मला माहीतच नव्हतं," इन्चार्ज म्हणाला. "काठीबिठीचं मला कुणी कधी सांगितलंच नाही. घड्याळानं चालले असते तर एकपर्यंत सगळी वाफ निघून गेली असती. कुणाला काही झालं नसतं."

"खरं आहे."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिले.

"खरं आहे ते. म्हणून तुम्ही मारलंत असं मी म्हणत नाही. तुम्ही माल ओतलात आणि सांगितलं नाहीत. पण नंतर ही बाटली बघितलीत, आणि तुम्हाला कळलं. लेबल नखानं काढलंत. कुणी विचारायच्या आधीच दाणे मिसळ निघतील असं बोलून बसलात. आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याला घाई चिकटवलीत. ते सगळं समजून उमजून."

इन्चार्जने पेनाचे टोपण लावले. ते पेन त्याने अहवालावर आडवे ठेवले आणि हात मांडीवर घेतले.

"माझं उत्तर राहिलं," म्हातारा म्हणाला.

"नाही, काका. त्यानं काही मोडलं नाही. तुम्ही शिकवलं तसं शब्दन् शब्द केलं."

म्हाताऱ्याने मान हलवली. एकदा. मग हिशोब पडताळल्यासारखी पुन्हा.

"काठीनं सांगितलं म्हणून."

"हो."

"मी तुम्हाला पहिल्या दिवशी काठीचं बोललो नाही."

"नाही बोललात."

"विसरलो नव्हतो." तो आपल्या तळव्यांकडे बघत होता, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "मला वाटलं, तुम्ही 'मोडलं' म्हणालात की झालं. मुलगा चुकला, बाप चुकला नाही. ते सोसवलं असतं."

भाऊजींनी डोळे पुसले. त्या खोलीत तेवढेच रडले.

"आत्ता हंड्यावर कोण आहे?" म्हाताऱ्याने विचारले.

फिटर म्हणाला, "तुमचाच. शेवटचा शिकवलेला. सकाळी आठला डिंक लावलाय."

म्हातारा वळला. काचेतून खाली हंडा दिसत होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा होत होते. जाळीवर निळ्या कपड्यांतला ऑपरेटर डोळे मिटून वाकला होता. काठीचे एक टोक पत्र्याला, दुसरे कानाला.

म्हातारा उठला. कुणी हात दिला तो त्याने घेतला नाही. केबिनच्या पायऱ्या तो एकेक करून उतरला, मधली मोकळी जागा ओलांडली, जाळीचा जिना एकेक करून चढला. एकतीस वर्षे चढला होता तसा, डावा हात कठड्यावर. वर काचेआड सगळे उभे राहून बघत होते. फिटर त्याच्या मागे दोन पायऱ्या सोडून चालला होता, पुढचे बोलणे त्यानेच ऐकले.

म्हाताऱ्याने ऑपरेटरच्या कानापासून काठी काढून घेतली. पोराने डोळे उघडले, आधी दचकला, मग हसला.

"काका! तुम्ही? बरं झालं आलात."

"घड्याळ बघ."

"अहो, पण वाजतंय की! घ्या, तुम्हीच ऐका."

म्हाताऱ्याचा हात काठीसकट कानापर्यंत गेला. सवयीने. तिथे थांबला. मग त्याने काठी जाळीवर आडवी ठेवली.

"वाजू दे," तो म्हणाला.